ताटाबाहेरचा घास

"थैली कुठी हाये?" सदऱ्याची बाही खाली ओढत भगवंतरावांनी विचारलं. इन्सुलिनची सुई ते नुकतेच टोचून आले होते.

"मोठ्या बॅगीत टाकली. ते गेली सामानाच्या पट्ट्यावरून," अनुपमा म्हणाली.

भगवंतराव लेकीकडे बघतच राहिले. थैलीत त्यांचं जेवण होतं. डोणगावच्या घरी बायकोने, सोजराबाईंनी, पहाटे उठून थापलेल्या भाकरी, मेथीची भाजी, ठेचा.

"काऊन टाकली?"

"ठेच्याचा वास येते. लोकं पाह्यतात."

हे खोटं होतं. ठेच्याचं नुसतं निमित्त होतं. नागपूरच्या विमानतळावरच्या या गारेगार लाउंजमध्ये, मऊ खुर्चीत बसून बापाने एकदा तरी लेकीने दिलेलं अन्न खावं, एवढ्यासाठी तिने थैली लांब केली होती. सुई घेतल्यावर भुकेला माणूस किती वेळ अडून बसेल, असा तिचा हिशेब. हिशेब चुकला होता. विमान दीड तास उशिरा होतं आणि इडलीची प्लेट वीस मिनिटं भगवंतरावांसमोर तशीच पडून होती.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आणि भगवंतराव रीतीला पक्के. घरी ताटावर बसले की आधी दोन घास ताटाबाहेर काढत, एक गेलेल्या बापाचा, एक आईचा, मगच तिसरा स्वतःच्या तोंडात. अनुपमाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आताही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे बंगळूरला आठ दिवस राहायचं, तर आठ दिवसांचं पीठ, डाळ, मीठसुद्धा त्यांनी घरून बांधून घेतलं होतं. काल रात्री ते बोचकं पाहिल्यापासून अनुपमाच्या डोक्यात जाळ होता.

"हे सासरचं नोय, बाबा. ज्या कार्डावर इथलं खानं भेटते, त्याच्यावर माहं नाव हाये. माह्या पगाराचं हाये."

"नाव कोनाचंबी असो. लेक ते लेक." भगवंतरावांनी खिशातून शंभराची नोट काढून शेजारी बसलेल्या बायकोपुढे धरली. "जाय वं, बाहेरून बिस्किटाचा पुडा आन."

सोजराबाई हलल्या नाहीत. पदर हातात घट्ट धरून बसून राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने सांगितलेलं काम त्यांनी पहिल्यांदाच कानाआड केलं.

"बरं. मीच जातो." भगवंतराव उठले. दोन पावलं गेले असतील नसतील, तोच खुर्चीची पाठ धरून ते मटकन पुन्हा बसले. एवढ्या गारव्यात त्यांच्या कपाळावर घाम तरारला होता. अनुपमाने पाण्यात साखर ढवळली, पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

"तुले लेकरू होऊ दे, मंग खाईन," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण हेका तोच. "पोटभर खाईन."

अनुपमाने पेला टेबलावर आपटला. पाणी हातावर उडालं.

"झालं होतं ना मले, बाबा."

आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. तिला आता कोणाची लाज उरली नव्हती.

"सहा वर्सं झाले. एक दिवस जगलं. तुमीच त्याले दुपट्यात गुंडाळून नाल्याकाठी घेऊन गेलते. तवा तुमच्या हातात काय होतं मंग? दगड होता?"

भगवंतरावांनी हातातली शंभराची नोट मुठीत चुरगाळली.

"घरी येऊन आंघोळ केली तुमी, अन् त्या दिवसापासून त्याचं नाव कोनीच काढलं नाही. मले वाटे, मी रडीन म्हनून काढत नसतीन. आज समजलं. तुमी त्याले लेकरातच धरलं नाही. मी आई झालीच नाही तुमच्या लेखी."

सोजराबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. अनुपमा रडली नाही. ती बापाच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत राहिली. तुम्ही मेलात तरी आता मी आग्रह करणार नाही, असं तिला त्या क्षणी खरोखरच वाटत होतं.

शेवटी भगवंतरावांनी प्लेट जवळ ओढली. इडली मोडली. एक घास काढून प्लेटच्या बाहेर ठेवला. दुसरा त्याच्या शेजारी ठेवला.

मग त्यांचा हात थांबला. खाली मान घालून त्यांनी इडलीचा आणखी एक तुकडा मोडला, बोटांनी बारीक कुस्करला, दात न फुटलेल्या तोंडाला चालेल इतका मऊ केला आणि त्या दोन घासांच्या मधोमध ठेवला. चौथा घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

टेबलं पुसणारा माणूस फडकं घेऊन आला.

"ताई, सांडलेलं पुसून घेतो."

अनुपमाने त्या तीन घासांवर हात आडवा धरला.

"सांडलेलं नाही ते," ती म्हणाली.