चिमूटभर जवळा

नातीला, वेदिकाला, पहिलीत घातलं त्या वर्षी कमळाच्या घरात दिवाळी झाली नाही. कंदील माळ्यावरच राहिला. भाऊबीजेला तिच्या सुनेचा, रुपालीचा, भाऊ दीपक राजापूरहून आला, तो ओवाळून घ्यायला नव्हे. भाचीसाठी काचेची टाकी आणि पाण्याने फुगलेल्या पिशवीत चार लाल मासे घेऊन आला.

"पोर सारखी दाराकडं बघत बसते," तो म्हणाला. "तेवढाच विरंगुळा."

कमळाचा मुलगा नितेश मासेमारीच्या बोटीवर गेला होता. बोट परत आली, बाकीचे खलाशी आले, नितेश आला नाही. दर्यात शोधूनही सापडला नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकता येते. कमळा त्यांच्या अंगावर धावून गेली. "माझा पोरगा जिता आणि तुम्ही त्याला जाळता?" तेव्हापासून रुपालीच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं, आणि तिला मोकळेपणी रडायची मुभा नव्हती.

दीपकने पिशवी तोंड बांधलेलीच टाकीत तरंगत ठेवली. "लगेच सोडायचं नसतं. पाणी अंगवळणी पडू दे त्यांच्या." मग गाठ सोडून टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत राहिला. शेवटी मासे सुटले आणि तळाशी एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. वेदिका काचेवर टिचक्या मारू लागली, तिला त्याने मागे ओढलं.

कमळाचा उभा जन्म मिरकरवाड्याच्या जेटीवर म्हावरं विकण्यात गेलेला. तिने सवयीने पाण्यात हात घातला, एकाचा कल्ला उचलून बघायला.

"मावशी, ताजेच आहेत ते!" दीपक ओरडला.

सगळे हसले. कमळाही हसली, आणि लगेच तिने तोंडाला पदर लावला.

दीपक दाण्यांची डबी ठेवून गेला, पण मासे काही खाईनात. दाणे वर तरंगत, फुगत, पाणी गढूळ करत. रुपाली चहाच्या गाळणीने ते काढून टाकत असे. मग वेदिकाही हटून बसली.

"ते जेवतील तेव्हा मी जेवणार."

"नवीन घर आहे गो बाय, बावरलेत ते," कमळा म्हणाली. "तुझी आई लग्न होऊन आली, तेव्हा तीपण ताटाला शिवत नव्हती. बांगड्याचं तिखलं केलं तेव्हा कुठं बसली जेवायला."

"काहीतरीच हां आई. मी लाजत होते," रुपाली म्हणाली. आणि दोघींनी ताटाकडे पाहिलं. ताटात वरणभात होता. नितेश गेल्यापासून त्या घरात म्हावरं शिजलं नव्हतं. कमळाने जेटीवर जाणं सोडलं होतं, विकायची पाटी पडवीत उलटी पडून होती. कुणी विचारलंच तर ती म्हणे, नितेश येऊ दे, पहिलं म्हावरं त्याच्या पानात पडेल.

वेदिका ताटाकडे बघेना. कमळा उठली. फळीवरून सुक्या जवळ्याचा, बारीक कोलंबीचा, डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. उघडताच वास घरभर पसरला. तिने चिमूटभर जवळा तळहातावर चोळला, त्याचा भुगा केला आणि टाकीत सोडला.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक मासा वर आला. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मागोमाग बाकीचे आले.

"खाल्लं! आजी, खाल्लं!" वेदिका नाचली, आणि ताट ओढून टाकीसमोर जेवायला बसली.

कमळा बघत राहिली. कण पडला की चारी मासे त्यावर तुटून पडत होते. खेचत होते. खाली गेलेलंही सोडत नव्हते, तळ हुंगत फिरत होते.

रुपाली मागे येऊन उभी राहिली. पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "आई, वेदिकाचे बाबा येणार आहेत ना? मग तुम्ही म्हावरं का खात नाही?"

कमळाने वळून पाहिलं नाही.

"तिथं दर्यात माशांनी काय काय खाल्लं असेल गो," ती म्हणाली.

रुपालीने पाठीमागून तिला मिठी मारली. तिचा हुंदका कमळाच्या खांद्यात शिरला. या वेळी कमळाने तिला गप्प केलं नाही.

कमळाने निरोप धाडला, तेव्हा भटजी आले. ओटीवर दर्भ मांडून त्यांनी क्रियेसाठी तिथी विचारली. बोट कुठल्या दिवशी बंदराला लागली, ते भावकीतला एक जण आठवू लागला.

"श्रावण वद्य षष्ठी," कमळा म्हणाली. "त्या दिवशी माझा नितेश मेला."