कुठली ओळ?

राष्ट्रकवींवरचा आपला अठरा वर्षांचा अभ्यास कौसल्याबाईंनी इंटरनेटवर फुकट ठेवला, खेड्यापाड्यातल्या पोरापोरींनाही वाचता यावा म्हणून. पंधराच दिवसांत राष्ट्रकवींच्या नावानं संघटना चालवणारा बद्रीनाथ चार माणसं घेऊन मस्तगड मोहल्ल्यातल्या त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. हातात काळ्या शाईची बाटली होती.

“राष्ट्रकवींची बदनामी करून राह्यल्या तुम्ही. माफी मागा, न्हाईतर तोंडाला काळं फासतो.”

त्या कवीच्या कविता शिकवण्यात बाईंच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

“बदनामी केली म्हणतो, मंग ओळ दाखव. कुठली ओळ?”

त्यानं खिशातून सायबर कॅफेत छापून घेतलेला कागद काढला. बाईंनी तो हिसकावून घेतला. तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नसावा. पानभर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली होती. मराठीचं एक अक्षर लागत नव्हतं.

“हे वाचून आला का तू?” बाई कडाडल्या. “ह्यातला एक शब्द तरी वाचता येतो का कोणाला?”

मागची माणसं कागदात डोकावली आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. बद्रीनाथ मात्र जरासुद्धा ओशाळला नाही. पानाच्या माथ्यावर इंग्रजीत छापलेलं बाईंचं नाव तेवढं स्वच्छ उमटलं होतं. त्यातल्या ‘साळवे’ ह्या आडनावावर त्यानं बोट ठेवलं.

“एवढं वाचलं नं. बाकीचं कशाला वाचायचं?”