मांडीतली चाल

पुण्यात एका मृत दात्याचं यकृत सोजरबाईंना बसवल्याला सहा महिने झाले होते. नवरा गेल्यापासून त्या मंद्रूपच्या घरात एकट्याच राहायच्या. दर महिन्याला त्या सोलापूरला यायच्या आणि डॉ. राजेश्वरी सोनोग्राफी करून आजारात झिजलेल्या त्यांच्या मांडीच्या स्नायूची जाडी मोजायच्या. या वेळी ती फारच वाढली होती.

“रोज किती चालता?”

“कुटं चालतीय, बाई? दिसभर बाजंवरच असते की.”

पडद्यावर स्नायू आवळत होता, सैल पडत होता, पुन्हा आवळत होता. चालणाऱ्या माणसाचा होतो तसा. टेबलावरचा पाय मात्र निपचित होता.

“पाय सैल सोडा.”

“सोडलाय की. ज्याचं काळीज मला बसवलं, त्यो चालतुया. लई दिसांनी कुणाची सोबत हाय.”

 तेवढ्यात पडद्यावरची चाल मंदावली आणि थांबली.

“त्याचं घर आलं वाटतं.” सोजरबाईंनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. “मला दारात सोडून जाऊ नको म्हणावं त्याला.”

पडद्यावर स्नायू एकदाच आवळला, उंबरा ओलांडताना आवळतो तसा.

आणि डॉक्टरांच्या हातावरची पकड सुटली.