नऊ नखं

अंगठा

"हात सैल सोडा काकू. मी नख लावणार आहे, उपटणार नाही."

"सैलच आहे गं. तुझ्या कानशीचीच भीती वाटते."

शेजारच्या काकूंनी हात पुढे केला. नखवालीने कडीत ओवलेली मापाची कोरी नखं एकेक करून त्यांच्या बोटांवर धरून पाहिली. काठाला काठ जुळला पाहिजे. अरुंद झालं तर चिमटा बसतो, रुंद झालं तर केसांत अडकून उचकटतं. म्हणून आधी माप, मग रंग, मग गप्पा. डाव्या हाताचं माप उजव्याला चालवायचं नाही, हेही ती येईल तिला ऐकवायची.

"आणि तुझं हे काय गं?" काकूंनी तिची उजवी तर्जनी धरली. "नख आहे का फावडं?"

"लहानपणी दारात चिरडलं. मग असंच पसरट वाढलं."

"दुसऱ्यांची नखं सजवतेस आणि स्वतःची ही तऱ्हा!"

"कामात आड येतात हो. सुट्टीच्या दिवशी करते हौस."

"सुट्टीच्या दिवशी बघायला कोण येतंय?"

"तुम्ही हलू नका बघू."

तर्जनी

काकूंची बोटं दिव्याच्या पेटीत वाळत होती, तेव्हा राखाडी कोट घातलेली एक बाई आत आली. बसली. खिशातून काड्यापेटी काढून तिने टेबलावर उघडली.

आत काड्या नव्हत्या. एक नख होतं. गडद निळं, त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ, कोपऱ्यात पांढरा ठिपका.

"असंच करून मिळेल?"

"मिळेल की."

"नऊ हवीत."

"नऊ?" काकूंना राहवलं नाही.

"दहावं हे आहेच ना."

नखवालीने नख उचलून उलटं केलं. "कुठे सापडलं?"

"नवऱ्याच्या गाडीत. सीटच्या फटीत."

"अगं बाई!" काकूंनी दोन्ही हात पेटीतून बाहेर काढले.

"काकू, हात आत."

सोनेरी रेघ मुळाशी किंचित डावीकडे झुकली होती. आपल्या हातची रेघ नखवालीला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार? आणि हे नख कुणाच्या बोटावरून पडलं, तेही तिला ठाऊक होतं.

"तुम्ही केलेलं आहे?" बाईने विचारलं.

"असली रेघ हल्ली सगळेच काढतात."

"सगळे हेच सांगतात. तुमचं चौथं दुकान." बाईचा आवाज जराही चढला नव्हता. "ती कोण, एवढं मला कळू दे. मग त्याचं सामान दाराबाहेर आणि तिचं नाव चव्हाट्यावर."

"मग नखं कशाला हवीत?"

बाईने काड्यापेटी तिच्याकडे सरकवली. "करा तर खरी."

"शनिवारी या," नखवाली म्हणाली.

मधलं बोट

नाव तोंडातून निसटू द्यायचं नाही, हे ठरलेलंच होतं. निसटलं की दुकान बसलं. काकूंसारख्या बायका नखांच्या निमित्ताने इथे पोटातलं बोलायला येत. त्या पुन्हा पायरी चढल्या नसत्या.

कामाला नकार देता आला असता. पण नऊ नखं घेऊन ही बाई करणार काय? नवऱ्याच्या ताटाशेजारी ओळीने मांडणार? त्याच्या बुटात घालणार? स्वतःच्या बोटांना लावून त्याच्यासमोर चहाचा कप ठेवणार? दातात कण अडकावा तसा हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना.

तिने कोरी नखं काढली. घासली, कडा गोल केल्या, निळ्या रंगाचे दोन हात दिले, दिव्यात वाळवली. रेघ या खेपेला मुद्दाम सरळ ओढली. झुकू दिली नाही. तेवढ्या एका गोष्टीकडे तिचं सारं लक्ष होतं. बाकीचं हात आपोआप करत गेले. कुठलं बोट केवढं, हे त्यांना पाठ होतं.

अनामिका

शनिवारी काकू आधीच येऊन बसल्या होत्या. टवका उडालाय म्हणे. कुठे उडालाय ते नखवालीला भिंगातूनही दिसेना.

"गप्प बस. बघू दे मला पुढे काय होतं ते," काकू म्हणाल्या.

करंगळी

नखवालीने पुढे केलेली नखांची डबी बाईने उघडली. एक नख उचलून उजेडात फिरवलं.

"छान. रेघ अगदी सरळ आलीय."

"माझी सरळच येते."

"हं." बाईने नख खाली ठेवलं. "माझं माप कधी घेतलंत?"

नखवाली कापसाचा बोळा शोधू लागली.

"आधीच्या तिघींनी नख बघितलं आणि लगेच माझा हात मागितला. एक तर म्हणाली, हात दाखवल्याशिवाय कामाला हातच लावणार नाही. तुम्ही मात्र सरळ शनिवार सांगितलात."

"खरंच की!" काकू म्हणाल्या. "माझी तर दर खेपेला दोन्ही हातांची मापं घेते."

"अंदाजाने केली," नखवाली म्हणाली. "बाईच्या हातांचा साधारण अंदाज असतो आम्हाला."

"असेल." बाईने पुन्हा काड्यापेटी काढली आणि सापडलेलं नख मधोमध ठेवलं. मग सावकाश, पत्ते लावावेत तशी, बाकीची नखं दोन हातांसारखी मांडत गेली. दोन अंगठे बाजूला काढले. करंगळ्या सापडल्या. मधली बोटं सापडली. शेवटी एक नख उरलं. अंगठ्याएवढं रुंद.

"अंगठे तर दोन्ही झाले," ती म्हणाली. "मग हे कुठल्या बोटाचं?"

काकूंनी पुढे वाकून ते नख चिमटीत उचललं.

"बाई गं! हे नख आहे का फावडं..." त्या हसत म्हणाल्या, आणि त्यांचं हसू अर्ध्यातच राहिलं.

नखवालीने उजवा हात टेबलाखाली घेतला.