उष्टा फिल्टर

"माझ्या आईला उष्टा फिल्टर लावताय?" डायलिसिसच्या खोलीत शिरताच शिरीषने आवाज चढवला. आईचं डायलिसिस दोन वर्षं चाललं होतं. तो आज पहिल्यांदाच बरोबर आला होता.

"उष्टा असला तरी त्यांचाच आहे," मी म्हणाले. अकरा वर्षं हे मशीन चालवतेय. असले साहेब खूप पाहिलेत. "दर वेळी धुऊन, तपासून, त्यांच्या नावाने ठेवतो. आतून त्यांच्याच रक्ताचा लेप बसलाय, म्हणून अंगातल्या पांढऱ्या पेशी त्याला आपला मानतात. कोरा लावला की परका समजून त्याच्यावर तुटून पडतात. या मावशींना, तुमच्या आईंना, ते सोसत नाही."

"मला शिकवू नका. कोरा लावा, नाहीतर वर तक्रार करतो."

वाद नको म्हणून डॉक्टरांनी मान डोलावली. मी कोरा लावला.

दहाव्या मिनिटाला मावशींना हुडहुडी भरली. पाठ भरून आली, छाती आवळली, दात वाजायला लागले. मी मशीन थांबवलं, इंजेक्शन दिलं. शिरीष ब्लँकेट घेऊन पुढे झाला. "आई, मी आहे ना!"

मावशींनी त्याचा हात झटकला. "लहानपणी तू ताटात टाकलेलं रोज मी खाल्लं. तुझं उष्टं मला कधी बाधलं नाही. आज तुझं हे कोरं बाधलं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "माझा जुनाच आण गं. आणि या परक्याला आधी बाहेर काढ."