दुबूची पिल्लं

आई जाऊन तीन आठवडे झाले आणि तिच्या कुत्रीला, दुबूला, दूध आलं. पोटही फुगलं होतं. आईच्या पलंगाखाली जागा करून ती बसली आणि कुणाला जवळ येऊ देईना. जोंजू शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली.

"पोटात पिल्लू नाही. दूध मात्र खरं आहे," ते म्हणाले. "पिल्लं समजून जे काही कवटाळत असेल, ते काढून घ्या."

"अगं बाई, फसवलंस की सगळ्यांना!" मावशी दुबूला म्हणाली. ती आईचं कपाट रिकामं करून कपडे रीतीप्रमाणे जाळण्यासाठी बांधत होती.

मी पलंगाखाली हात घातला. एक हातमोजा निघाला, आईची रबरी चप्पल निघाली आणि शेवटी कापसाची एक जुनी, गोल उशी. तिला दोन्ही बाजूंनी लांब बंद शिवलेले होते.

"ही कसली उशी, मावशी?"

मावशीचं हसू गेलं. "ताईनं ही अजून ठेवली होती?"

मावशीनं उशी माझ्या हातातून घेतली.

"तुला अनाथाश्रमातून आणेपर्यंत सहा महिने ती ही पोटाला बांधून बाजारात जायची, हेजिन. कुणालाही कळलं नाही."