कमळाकरशेटचा जुना अँप्लिफायर

रघूने आणि टेम्पोवाल्याने मिळून अँप्लिफायर रोह्याच्या हॉलच्या स्टेजवर आणून ठेवला, तेव्हा कमळाकरशेटला हायसं वाटलं. त्याच्या ऑर्केस्ट्राचा नवा अँप्लिफायर दुपारी तालमीतच जळाला होता आणि कार्यक्रम तोंडावर आला होता. बेस गिटारला चालेल असा दुसरा अँप्लिफायर जवळपास फक्त पेणला, रघूकडे होता. काचेच्या व्हॉल्व्हचा, जुना, लोखंडासारखा जड. एकेकाळी तो कमळाकरशेटचाच होता. त्यानेच तो रघूला विकला होता.

"आलास, बरं झालं," कमळाकरशेट म्हणाला. "मागचं मनात ठेवलं नाहीस."

रघू अँप्लिफायरमागे वाकला. त्याने वायर लावली, बटण दाबलं. मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह हळूहळू लाल होताना दिसू लागले.

मागचं म्हणजे मोरूचं. मोरू रघूचा धाकटा भाऊ. अँप्लिफायर घेतल्यावर वडखळच्या पहिल्याच कार्यक्रमात, कमळाकरशेटच्याच ऑर्केस्ट्रात, तो गळ्यात बेस अडकवून गायला उभा राहिला. हात तारांवर होता. ओठ माइकला लागले मात्र, कुणी उचलून फेकावं तसा तो स्टेजखाली गेला. कोपर मोडलं, ते नीट जुळलंच नाही. त्या हाताची बोटं आता मिटत नव्हती. जोहे गावच्या गणपतीच्या कारखान्यात तो एका हाताने मूर्तींना रंग देत असे. आणि कमळाकरशेटने गावोगाव सांगितलं होतं की पोरगा पिऊन उभा होता. मोरूचं जमलेलं लग्न त्यावरून मोडलं. खुद्द आईने त्याला देवासमोर उभं करून विचारलं होतं.

या उन्हाळ्यात रघूने अँप्लिफायर खोलला. आतला एक कंडेन्सर खराब होता. त्यातून करंट पत्र्यावर उतरत होता आणि पत्र्यावरून गिटारच्या तारांवर. त्या कंडेन्सरवर कुणीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. पट्टी इतकी जुनी की हात लावताच तिचा भुगा झाला; रघूने अँप्लिफायर घेण्याच्या आधीची.

"विठू, घे गिटार," कमळाकरशेटने आपल्या बेसवाल्याला सांगितलं. "सूर बघून घे."

विठू पुढे आला. रघूने गिटार त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू थांब. आधी शेट वाजवतील."

"मी कशाला?"

"तुमचाच हाय ना तो. एक तार छेडा आनि माइकवर हॅलो म्हना. ओठ लावून."

गायिका चंद्रावती बाजूच्या ट्रंकेवर बसली होती. वडखळला तीही स्टेजवर होती. तिने मान वर केली. कमळाकरशेट हसला, पण गिटार त्याने हातात घेतली नाही.

"बरं. विठू, तो लाकडी पाट आण. आणि माझी रबरी चप्पल कुठाय बघ."

विठू जागचा हलला नाही. पूजा झालेली म्हणून सगळेच स्टेजवर अनवाणी होते. त्याने आपल्या पायांकडे पाहिलं.

"मला तर पाट घे म्हनालात नाय," तो म्हणाला.

"अरे, माझी सवय आहे."

"मोरूला दिला व्हता पाट?" रघूने विचारलं.

कमळाकरशेटने हाताचे तळवे शर्टाला पुसले.

"तुमाला ठावं व्हतं," चंद्रावती म्हणाली. "आनि मी तुमच्या बोलन्यावर लोकांना सांगत फिरले."

रघूने पट्टा गळ्यात अडकवला, एक जाडी तार छेडली आणि माइकला ओठ लावले. "हॅलो." हॉलच्या खिडक्या थरथरल्या. बाकी काही झालं नाही.

"बिघाड काढलाय मी," तो म्हणाला.

"मग झालं तर. उगाच घाबरवलंस." कमळाकरशेटने श्वास सोडला. "दे विठूला."

"मोरू प्यायला नव्हता, असं सांगा. माइकवर."

दाराशी लोक जमू लागले होते. कमळाकरशेटने त्यांच्याकडे पाहिलं, मग माइक हातात घेतला. तो त्याने तोंडापासून वीतभर लांब धरला.

"वडखळला पडला तो मोरू... रघूचा भाऊ. तो प्यायलेला नव्हता. अँप्लिफायरमध्ये करंट होता." रघूने गिटार अजून गळ्यातून काढली नव्हती. "मला माहीत होतं."

बाहेरच्या कर्ण्यातून ते रस्त्यापर्यंत गेलं. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

"झालं समाधान?"

"झालं," रघू म्हणाला आणि वाकून त्याने वायर काढली. व्हॉल्व्हचा लाल उजेड विझत गेला.

"अरे, हे काय? आपलं ठरलं होतं."

"आपलं काय बी ठरलं नव्हतं."

चंद्रावती उठली. "मी गानार नाय," एवढंच म्हणून ती मागच्या दाराने निघून गेली. विठूने रघूच्या गळ्यातली गिटार काढून घेतली, पेटीत घातली आणि तोही गेला.

"रघू, हात जोडतो. लोक आलेत."

रघू अँप्लिफायरवर बसला.

"मग घेऊन तरी जा. टेम्पो उभा आहे. इथे बसू नकोस."

"गरम हाय अजून," रघू म्हणाला. "थंड झाल्याबिगर हलवला तर व्हॉल्व्ह जातात."

समोरच्या खुर्च्या भरत चालल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मुलाला मांडीवर घेतलं. स्टेजवर एक माणूस बसलेला होता, दुसरा त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. नाटुकलं सुरू झालं असं वाटून तिने मुलाला गप्प केलं आणि ती बघू लागली.